चाकांच्या उंचीचा उजेड

सायन्ना पोतगंटवार, रिटायर टीएक्सआर,
यांनी मला बोलावलं ते चार ट्यूब बसवायला.
पूर्णेत, रेल्वे कॉलनीच्या मागं, पत्र्याची खोली.
आधी तिथं म्हैस बांधायचे.
"एक खिळासुद्धा लपला नाही पाहिजे," म्हणले.

मी ड्रिल लावलं. ते टेबलाशी बसले,
जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला
उलट्या बाजूनं सुई टोचत.
एक टोचा, एक रिव्हेट.
एका डब्याला चारशे बारा.
मी मधेच काही विचारलं की पुन्हा एकपासून.
तिसऱ्यांदा मीच गप्प झालो.

फळीवर मीटरगेजचे अकरा मालडबे,
हिंगोलीकडं निघालेले,
लाईन मोठी झाली हे ज्यांना कुणी कळवलं नाही असे.
सायकलच्या तारेचे आस, पितळी वॉशरची चाकं.
उघड्या डब्यात परळीच्या थर्मलचा खराखुरा कोळसा,
खलबत्त्यात कुटून मोहरीएवढा केलेला.
खलबत्ता कुणाचा, ते सांगत नाहीत.

एका डब्याचं दार सरकवलेलं.
डोकावलो तर कापसाच्या गाठी,
आणि एका गाठीवर ज्वारीच्या दाण्याएवढा
जेवणाचा डबा.
"गाठी भरणाऱ्याचा. विसरला तो,
एकोणऐंशी साली. धर्माबादपर्यंत जाऊन आला.
भाकर तशीच होती, कोरड्यास तेवढं गेलं."

चार वाजता चारही ट्यूब पेटवल्या.
पांढराफट्ट उजेड, चहूकडून,
सावली कशाचीच नाही.
मला बरं वाटलं. काम चोख होतं.
सायन्ना अकरा डब्यांपुढून चालत गेले,
परत आले.
तांबडा रंग गुलाबी झाला होता,
चारशे बारा टोचे कागदात बुडून गेले होते.
"खेळणी झाली रे," म्हणले.
रागानं नाही. माप चुकल्यावर सुतार बोलतो, तसं.

मी पिवळा बल्ब लावून पाहिला.
तांबडा परत आला, रिव्हेट नाही आले.
म्हणलं, दोन ट्यूब बंद करू. मग तीन.
मग लाईटच गेली, सगळ्या पूर्णेची.

अंधारात त्यांचा हात न चाचपता खुंटीला गेला.
तीन सेलची जुनी बॅटरी.
खाली वाकले, गुडघा कटकन वाजला,
आणि उजेड त्यांनी चाकांच्या उंचीला धरला,
डब्याच्या अंगाला लावून, तिरका,
जसा छत्तीस वर्षं रात्रपाळीला
यार्डात गाडीच्या कडेकडेनं चालताना धरला,

आणि चारशे बारा रिव्हेट उभे राहिले,
ज्याच्या त्याच्या मागं ज्याची त्याची सावली.
स्प्रिंगा दबल्या. कोळशाला वजन आलं.
डब्याखाली एवढा अंधार झाला
की माणूस वाकून आत गेला असता.

सायन्नांनी पेचकस उलटा धरला,
मुठीनं चाकावर हलकं ठोकलं. टिक.
कान लावला. पुढचं चाक. टिक.
पुढचं.
मी अजून शिडीवरच.
सातव्या डब्याशी थांबले.
"हा काही पुढं जात नाही," म्हणले, "तडा आहे."
वॉशरला कुठला तडा.
पण मी उतरलो, कान लावला,
आणि खरं सांगतो, आवाज बसका होता.

लाईट आली तेव्हा तीन ट्यूब काढून पिशवीत टाकल्या.
एक ठेवली, सुई ओवायला, चहा प्यायला.
टेबलाच्या कडेला खाली एक पट्टी ठोकली,
तिच्यावर सरकणारा छोटा पिवळा दिवा,
बोटानं ढकलला की गाडीच्या कडेनं चालणारा.

"बिल किती?"
मी वायर मोजत होतो, हातावर गुंडाळत.
ते विचारताच आकडा सुटला.
"थांबा," म्हणलं,
आणि पुन्हा एकपासून.