पाच वेळा शिफ्ट

पुंता अरेनासला वारा पिसाळला की
नगरपालिका चौकात दोर बांधते.
धरून चालायचं. नोटरी धरतो, शाळेतलं पोर धरतं,
पाव घेऊन निघालेली बाई एका हाताने टोपी, एका हाताने दोर.
कुणी कुणाला विचारत नाही,
तुम्हाला काय झालंय म्हणून.

अनसेल्मो ओयार्सो हल्ली चौकात येत नाही.
बंदरावर चाळीस वर्षं पेट्या मोजल्या त्याने.
उजवी बाजू गेल्या हिवाळ्यात झोपली, ती झोपलीच.
डाव्या हाताच्या शिरा ऐंशी साली
एका जहाजाच्या दोराने नेलेल्या,
एक बोट सरळ केलं की बाकीची मिटतात.
एका बोटावर संसार भागतो तसा.
अंडं सोलून होतं, वेळ लागतो.
फक्त दोन कळा एकदम दाबता येत नाहीत.

म्हणून सहा महिने तो लहान लिपीत राहिला.
मुलीला पत्रं जात: यास्ना लहान, अंतोफागास्ता लहान,
देवसुद्धा लहान,
त्याने तक्रार केली नाही.
कॅप्स लॉक केव्हाच मेलेला, त्यावर सूप सांडलं होतं.

आपल्या लिपीला हे दुखणं माहीत नाही.
नाव आलं म्हणून आपलं अक्षर उठून उभं राहत नाही,
मान आपण क्रियापदात ठेवतो:
आल्या, बसल्या, गेल्या.
तिकडे तो पहिल्या अक्षराच्या उंचीत असतो.

तर पाथरवट येर्कोविचची मेल आली.
नाव जसं लिहून पाठवाल तसंच कोरीन.
नंतर बदलता येणार नाही. ग्रॅनाइट आहे.

एदेलमीरा, त्याने लिहिलं.
आठही अक्षरं बसलेली,
जशी कुणाच्या तरी वाक्यात मध्येच सापडलेली एखादी वस्तू.
शेजारच्या मुलाला हाक मारता आली असती.
पण हे नाव दुसऱ्याच्या बोटांनी?
पुसलं. लिहिलं. पुसलं.
मग शिफ्टवर राग निघाला.
दाबली. पुन्हा दाबली. पुन्हा. पुन्हा.
पाचव्यांदा तर ठोसाच.

आतून एक चढता सूर आला
आणि पडद्यावर चौकट:
खास कळा सुरू करायच्या का?

दहा वर्षं त्या आतच होत्या.
कुणी बोललं नव्हतं. डॉक्टर नाही, दुकानदार नाही.

हो म्हणायला एक बोट पुरतं.

शिफ्ट दाबली, सोडली,
आणि ती थांबली.
वाऱ्यात एदेलमीरा अशीच फाटक धरून उभी राहायची,
तो दोन्ही पिशव्या घेऊन आत येईपर्यंत,
केस तोंडावर, काही न बोलता.
तो सावकाश त्या अक्षरापर्यंत गेला.
ते उभं राहिलं.
बाकीची सात मागोमाग आत.
आडनावापाशी पुन्हा एकदा फाटक.

पाठवलं. मग तेच नाव
उगाच चार वेळा लिहिलं.

शनिवारी भाचा आला, निकानोर, फुटबॉलचा निकाल बघायला.
दहाही बोटांनी बसला, दोन कळा एकदम,
उतरता सूर, सगळं बंद.
हे काय लावून ठेवलं होतंस मामा, म्हणाला,
बटणं चिकटतायत तुझी.
अनसेल्मोने दुसऱ्या हाफचा स्कोअर विचारला.

निकानोर निघाला तेव्हा छपरांचे पत्रे वाजत होते.
खिडकीतून चौकाचा कोपरा दिसतो:
पोरगं वाकलेलं, डोळे बारीक,
दोर धरून चाललंय. दोन्ही हातांनी.

तो दिसेनासा होईपर्यंत अनसेल्मो उभा राहिला.
मग खुर्ची ओढली.
एक. दोन. तीन. चार.
पाचव्याला
आतून विचारलं गेलं.