तळहातावरचा मनोरा

चार डिसेंबर. पहाटेचे पाच.
बँड अजून गल्लीच्या तोंडाशी आलेला नाही
आणि मी किटलीच्या वाफेवर
कोंबड्याची पिसं धरून उभी आहे.
काळा तुरा खाणकामगारांचा, लाल वाजवणाऱ्यांचा,
पांढरा साहेबांचा.
पांढऱ्याला यंदा वाफ द्यावी लागली नाही.
साहेब काटोवित्सेला गेले,
त्यांच्या टोप्या म्हणे आता काचेच्या कपाटात असतात.

बार्बुर्का, राग मानू नकोस,
काल तुझी मूर्ती पुसताना
मी तुला दोन शब्द सुनावले.
अवचित मरणापासून तू राखतेस ना?
प्रसाद न घेता कुणी जाऊ नये
म्हणून तर तुझ्या हाती तो प्याला.
राखलंस की! माझ्या राइनहोल्डला पुरेपूर राखलंस.
छत कोसळलं त्या दिवशी त्याची सुट्टी होती,
वायू पेटला त्या रात्री त्याची दाढ ठणकत होती.
चारशे मीटर खाली नेणाऱ्या त्या लोखंडी पाळण्यानं
तेहतीस वर्षं त्याला जोजवलं
आणि दर वेळी वर आणून सोडलं.
मग अकरा वर्षं
खिडकीपाशी, तीन उशांना टेकून
एकेक श्वास तो असा घ्यायचा
जसं दुकानदाराकडे मान खाली घालून
उधारीचं पीठ मागावं.
फादर शेवटचं तेल लावून गेले.
एकदा नाही, पाच वेळा.
पाचव्यांदा राइनहोल्ड म्हणाला,
"फादर, एवढं तेल पाळण्याच्या चाकाला घातलं असतं
तर ते कुरकुरायचं थांबलं असतं."
आणि हसला. हसता हसता खोकला.
रुमाल मी मुठीत लपवला.

आला बँड.
आला म्हणजे, सात माणसं आणि एक ढोल.
पूर्वी चाळीस जण यायचे,
चाळींच्या लाल चौकटींतल्या काचा थरथरायच्या,
तान्ही मुलं रडत उठायची
आणि कुणी तक्रार करायचं नाही.
ट्यूबा आता ओक्साना वाजवते, बेकरीतली.
तिचा बाप तिकडे, दोनेत्स्कच्या बाजूला, खाणीतच होता.
तिच्या आईच्या पंचांगात बार्बरा तेरा दिवसांनी येते.
"मला ती दोनदा मिळते," म्हणते, आणि गाल फुगवते.
राइनहोल्डची टोपी तिला सैल होते.
काळा तुरा काढून मी लाल लावला,
आत वर्तमानपत्राची घडी घातली.
कुठलं वर्तमानपत्र, ते तिला सांगितलं नाही.

जूनमधलं.
खाणीचा मनोरा पाडला त्या दिवसाचं.
आमच्या लेकरांनी घर काढायला शिकलं
ते आधी मनोरा काढून, मग बाजूला घर.
तो बसला गुडघ्यांवर,
म्हाताऱ्या बैलासारखा,
आणि मग धूळ.
बाल्कन्यांतून लोक फोन धरून उभे होते.
ऑलॉइझनं फक्त टोपी काढली,
सूर्य डोक्यावर असताना, आणि बराच वेळ घातली नाही.

आता गावात एकच मनोरा उरला, बार्बुर्का,
तुझ्या तळहातावरचा.
वीतभर, लाकडी, तीन खिडक्यांचा.
मधल्या खिडकीत कोळ्यानं जाळं केलं होतं.
बापानं तुला कोंडलं होतं तो हाच ना?
आणि आम्ही बघ, असा वेड्यासारखा
कोंडणाऱ्या मनोऱ्यासाठी रडतो.

मिसा झाली. मिरवणूक निघाली.
कुठं जायचं कुणी ठरवलं नव्हतं,
पाय गेले खाणीच्या फाटकाकडेच,
जसं उजेडात आणलेलं आंधळं घोडं
गोल गोल फिरत राहतं.
फाटकाला कुलूप.
आतला पहारेकरी कोवळा पोरगा, बाहेरगावचा,
म्हणाला, "किल्ली माझ्याकडे नसते."
कुणी मागितलीच नव्हती.
बँड वाजवत राहिला. ट्यूबा एकदा चुकली.
पोरानं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं
आणि सरळ उभा राहिला.

घरी येऊन बूट काढले,
चेरीची काटकी पाण्यात ठेवली.
तुझ्या नावानं ठेवलेली काटकी
नाताळला फुलली तर वर्ष बरं जातं म्हणतात.
गेल्या साली ती फुलली सत्तावीस तारखेला.
उशीर झाला होता, पण मी तुला
काही बोलले नव्हते.