कमी गंभीर

आंतोफागास्ताहून कालामाला जाणाऱ्या रस्त्यावर
चुरडलेल्या गाड्यांचं आवार आहे माझं.
नवऱ्यानं मागे ठेवलं ते एवढंच: एक क्रेन, तीन कुत्री,
आणि पत्र्याचं कुंपण,
वाळवंटातला वारा रात्रभर ते खडखडवत बसतो.

महिन्यातून एकदा मिलेंका येते, विद्यापीठाच्या जीपमधून.
टेप लावते, टॅबलेटवर आकडे भरते.
स्टिअरिंग किती सेंटिमीटर मागे आलं,
एअरबॅग फुगली की नाही,
पट्टा बांधलेला होता का.
शेवटचा रकाना चालकाचा:
मृत. गंभीर. कमी गंभीर. किरकोळ. काही नाही.
पाचांतलं एक निवडायचं. सहावं नाही.

मी तिला सांगते, बाई, आधी पट्टा बघ.
ताण बसलेल्या पट्ट्यावर वळ उठतो,
बकलपाशी कापड चकाकतं, विरतं.
पट्टा कोरा करकरीत दिसला
की पुढची काच बघायला मी जातच नाही.
पट्टा घरचा माणूस, बॅग पाहुणी.
घरात कुणी नसेल तर पाहुणी येऊन काय करणार?

मंगळवारी नोल्बेर्तोची लाल पिकअप ओढून आणली.
खाणीची गाडी, दारावर नंबर, मागे उंच काठीवर झेंडा.
रात्रपाळी करून येताना डोळा लागला.
इथला सरळ रस्ताच वाईट,
वळण निदान माणसाला जागं ठेवतं.
कडेला थांबलेल्या ट्रेलरच्या कोपऱ्यावर गेला.

पापणी लवायच्या आत बॅग फुगते म्हणतात.
त्याची पापणी तर आधीच मिटलेली.
त्यानं काही पाहिलं नाही.
फटाक्यांचा वास, तोंडात खडूची भुकटी,
हातावर चटका,
आणि डाव्या कानात एक लांब शिट्टी,
ती अजून वाजतेच आहे.

बॅग लोंबत होती
वाळत टाकलेल्या अभ्र्यासारखी.
तिच्यावर तो उमटला होता:
खालच्या ओठाचं रक्त, मिशीची मळकट रेघ,
एका भुवईचा घाम.
मिलेंकानं खूण केली: कमी गंभीर.

शनिवारी त्याची बायको आली, गुमेर्सिंदा.
कप्प्यातले कागद घेतले, थर्मास घेतला,
सीटखालून मुलीचा एक बूट काढला.
मग म्हणाली, कात्री आहे?
मी नियम सांगितला,
विम्याचा माणूस पाहून जाईपर्यंत कशाला हात लावायचा नाही.
ती म्हणाली, त्याच्या बापाचं स्टिअरिंग
बेचाळिसाव्या किलोमीटरला आहे, क्रुसाला तारेनं बांधलेलं.
शहाऐंशी साल.
त्या ट्रकमध्ये बॅग नव्हती, पट्टा नव्हता,
छाती आणि चाक यांच्यामध्ये एक शर्ट होता फक्त.
तोही इस्त्रीचा, लग्नाला निघाले होते.

मी कात्री दिली.
विम्याच्या माणसाला काय सांगायचं ते माझं मी बघेन.

परवा त्या बाजूनं क्रेन घेऊन गेले.
प्लास्टिकची फुलं उन्हानं पांढरी पडलीत,
जुनी नंबरप्लेट, विझलेली मेणबत्ती, आणि ते चाक.
चाकाच्या मधल्या पोकळीत तिनं बॅग शिवून टाकली होती,
गोणी शिवायच्या दोऱ्यानं, वाकडेतिकडे टाके.
दुपारचा वारा नुकताच सुटला होता.
आत शिरत होता, बाहेर पडत होता,
त्याला कसली घाई नव्हती.
मी इंजिन बंद न करता थोडा वेळ बघितलं.
डिझेल महाग आहे, निघाले.

नोल्बेर्तो पुन्हा पाळीवर जातो, पण आता बसनं,
उजवा कान माणसांकडे करून बसतो.
बसमध्ये त्याला झोप येत नाही म्हणे.

मिलेंकाला विचारलं, ही शिट्टी कुठं लिहितात?
तिनं टॅबलेट वर सरकवला, खाली सरकवला.
म्हणाली, तळाला शेरा म्हणून एक जागा असते,
पण ती कुणी वाचत नाही.

लिही तरी, म्हटलं.