पाठ टेकणे

मार्चमध्ये शेवटची लढत हरला ब्रेनमन, सात-सहा.
बूट काढून मॅटच्या मधोमध ठेवले
आणि बसपर्यंत नुसत्या मोज्यांवर गेला,
बर्फातून.

आता ड्यूब्यूकच्या विमा कंपनीत, चौथ्या मजल्यावर,
चुरगळलेल्या कानावर हेडफोन बसत नाही.
आयोवाभरच्या गारपिटीचे दावे
तो एका हाताने धरून ऐकतो.

दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो.
खा रे, म्हणतात. खातो.
दुसरा तुकडाही.
मग उगाच जिन्यात जाऊन उभा राहतो,
वजनाला बोलावतील म्हणून.
एकशे तेहतीस पौंड.
इथं कुणाला काही सांगत नाही हा आकडा.

रात्री मारिसोल म्हणते, उताणा झोप ना जरा.
तो कुशीवरच.
सहाव्या वर्षापासून एवढंच तर शिकलाय:
मान मोडली तरी कमान कर,
पाठ टेकू द्यायची नाही.

ती खांद्यावर हात ठेवते,
डाव टाकल्यासारखा नाही, नुसता.
एक खांदा टेकतो.
दुसरा
गादीपासून बोटभर वर,
अंधारात कोण मोजतंय
त्याचा कानोसा घेत.