रात्री तीनला वाचता येईल असं

हार्लिंगनच्या वर, समुद्रबांधाच्या पोटात
पाणी सोडायच्या दरवाजांचं एक ठेंगणं घर आहे.
तिथे तीन पिढ्यांचा कोड एकाच मशीनवर नांदतो,
एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखा
(आणि जावा, म्हणाल तर, त्यात एकही नाही).

सगळ्यांत थोरलं फोर्ट्रान.
मोठ्या अक्षरांत, लांबच्या बोटीला हाक मारावी तसं,
सातव्या रकान्याच्या अलीकडे पाऊल न टाकणारं, सोवळं.
नावं सहा अक्षरांत कोंबलेली :
पाण्याची पातळी म्हणजे नुसती व्यंजनं,
स्वर ओहोटीबरोबर गेलेले.

मग वीबेचं पर्ल.
वीबे होक्स्माने ते एका हिवाळ्यात लिहिलं,
मोडीसारखं, हात न उचलता :
डॉलर, तिरपी रेघ, कंस, टिंब, पुन्हा डॉलर,
कीबोर्डावर कुणी कोळंबीची टरफलं सांडावीत तसं.
कुणी नाक मुरडलं की म्हणायचा,
मला येतं की वाचता.
गेल्या मार्चपर्यंत हे खरं होतं.

आता यिल्डाऊ आलीय, लेवार्डनहून, सव्वीस वर्षांची.
तिचं पायथन समासाला पक्कं.
चार जागा सोडल्या की उंबऱ्याच्या आत,
मागे आलं की बाहेर, दार लावायला कंससुद्धा लागत नाही.
*पाणी_चढतंय*, *दरवाजा_लाव* अशी नावं ठेवते ती,
बारशाला बसल्यासारखी, वेळ घेऊन.

कॉफीच्या पिशवीमागे तिने तक्ता आखला :
वाचायला सोपं. लिहायला सोपं. चुकायला सोपं.
पहिल्या दोन रकान्यांत भराभर गुण पडले,
बिचारं पर्ल पहिल्यात शून्यावर.
तिसऱ्यात तिने पेन टेकवलं, उचललं,
आणि बिस्किट खाल्लं.

मग म्हणाली, परीक्षा घेऊ,
आणि सीट्स्केला बोलावलं.
सीट्स्के रात्रपाळीची. एकतीस वर्षं
दरवाजे लावले, उघडले, ग्रीस भरलं,
कोडची एक ओळ कधी लिहिली नाही.
ती स्क्रीनपाशी उभी राहिली, ओले हातमोजे काखेत,
आणि यिल्डाऊचा प्रोग्राम मोठ्याने वाचत सुटली,
पेपरातली मयताची पानं वाचतात तशी,
न अडखळता, मधेमधे हुंकार देत.

यिल्डाऊ हसत होती.

शेवटच्या ओळीपाशी सीट्स्के थांबली,
पुन्हा वर गेली, बोट फिरवत खाली आली.
"छान आहे," म्हणाली. "सगळं कळलं.
पण बारा सेंटिमीटर कुठे गेले?"

कुठले बारा?

पूर्वेचा मोजखांब खचलाय ना, ती म्हणाली,
त्या बर्फाच्या वर्षापासून.
तो पाणी बारा सेंटिमीटर जास्त सांगतो.
खरं मानलं तर दरवाजा आधीच लागतो, आतलं पाणी तुंबतं,
आणि डाइक्स्ट्रांच्या गाई सकाळी चिखलात उभ्या.

दोघींनी वीबेचं पर्ल उघडलं.
अर्धा तास टरफलं चाळली.
तीनशे अठराव्या ओळीत सापडले वजा बारा,
दोन डॉलरांमध्ये चिणलेले,
आणि शेजारी, अख्ख्या फाइलीतली एकुलती एक टीप, फ्रीजियनमध्ये :
*खांब खचलाय. सीट्स्केला विचारा.*

बराच वेळ कुणी बोललं नाही.
पंपाचा आवाज होता, तो काही धरायचा नाही.

यिल्डाऊने पर्लच्या शून्यावर काट मारली.
जागी काय लिहावं ते तिला सुचेना.
मग पायथनमध्ये एक नवी ओळ घातली,
नाव ठेवायला चाळीस मिनिटं लावली,
आणि टीप उतरवून घेताना विचारलं,
"तू निवृत्त कधी होणार आहेस?"

"पुढच्या मेमध्ये," सीट्स्के हातमोजे घालत म्हणाली.
"आणि हे बघ, ती ओळ मोठ्या अक्षरात लिही.
तीन वाजता माझ्याकडे चष्मा नसतो."