आमटी

टोलीडो, ओहायो. जानेवारी. मॉमी नदी गोठलेली,
फोनवर तीच पियानोची धून, चाळिसावं मिनिट.
मग डेनीस येते, आवाजावरून भली बाई:
चार औषधं निकामी ठरावी लागतात, सर,
तुमची साडेतीनच भरतात.

चौथं वृंदाने पाचव्या आठवड्यात सोडलं,
अंगभर पुरळ उठलं म्हणून.
नियम सहाचा.
म्हणजे दुःख आठवडाभर कमी पडलं,
वाण्याकडे सुटे कमी पडावेत तसं.

पहिलं अपील फेटाळलं. दुसऱ्याला पुरळाचे फोटो जोडले.
मार्चात मंजुरी: छत्तीस बैठका, अर्ध्यावर फेरतपासणी.

पहिल्या दिवशी टेक्निशियन
तिच्या डोक्यावर चुंबक सरकवत जागा शोधत होता.
टक. टक.
एकाएकी तिचा अंगठा उडाला,
तिला न विचारता.
आम्ही तिघंही त्या अंगठ्याकडे बघत राहिलो.
आठ महिन्यांत तिच्यातलं
तेवढंच काहीतरी आपणहून हललं होतं.

आज अठरावी झाली. उरलेल्या अठरांसाठी फॉर्म आलाय:
सुधारणेचा पुरावा द्या, शून्य ते सत्तावीस.
आकडा हलायला तयार नाही. एकवीस.
खाली 'इतर' म्हणून दोन ओळींची जागा.

तिथे लिहिलं, काल रात्री
पहिल्याच घासाला ती थांबली
आणि म्हणाली, आमटी अळणी झालीय.

अळणीला इंग्रजीत काय म्हणू?
आणि डेनीसला कसं कळावं,
नोव्हेंबरपासून मीठ मी कितीदा विसरलो
आणि ती मुकाट जेवत आली.

फॅक्स जात नाहीये. परत लावतो.