गाडी पकडत नाही

अक्कलकोट रोडवर, कारखान्यांच्या भिंती संपून
वेड्या बाभळी सुरू होतात तिथं थांबली.
एकदम नाही. दोनदा अडखळली, उसासली,
म्हणजे सांगून थांबली म्हणायचं.
कॅरिअरला टॉवेलांचे दोन गठ्ठे,
ट्रान्सपोर्टचं गेट चारला बंद,
आणि आत्ता तीन वाजून पाच.

बटण दाबलं. इंजिन फिरतंय.
चांगलं दमात फिरतंय,
पण पकडत नाही.
एखादा माणूस हो हो म्हणत राहतो
आणि जागचा उठत नाही, तसं.

पंक्चरच्या टपरीखाली तीन माणसं बसलेली,
तिन्ही सोलापूरची, म्हणून तीन भाषांची.
‘पेट्रोल ऐतेनु?’ एकानं विचारलं.
‘प्लग चूडु, प्लग,’ दुसरा.
तिसरा मराठीतून: ‘ढकला ताई, धक्क्यावर होईल.’
धक्क्यावर बरंच काही चालतं या गावात,
पण या उन्हात नको.

तिरुपतीमामानं शिकवलंय,
यंत्राला मारायचं नाही, विचारायचं.
आणि सोपे प्रश्न आधी.
सोप्या उत्तराची लाज वाटते,
म्हणून माणसं ते शेवटी विचारतात.
लाल स्विच चालूवर? आहे.
कॉक? उघडा.
टाकी हलवली. अर्ध्याहून जास्त, डुचमळली.
बटण परत परत दाबत बसले नाही.
बॅटरी म्हणजे आमच्याकडचं नळाचं पाणी,
एकदा गेलं की पाच दिवस वाट.

टपरीवाला दस्तगीर. दोन बोटं अर्धीच,
तरी पाना धरायची ढब पक्की.
‘मी काढू?’
म्हटलं, ‘पाना द्या नुसता.’
प्लग काढला, टोपीत बसवला, इंजिनच्या अंगाला टेकवला,
ओढणीची सावली धरली. ‘आता दाबा बटण.’
ठिणगी. निळी,
जोंधळ्याच्या दाण्याएवढी.

म्हणजे वीज आहे.
मग प्लगचं तोंड अंगठ्यानं पुसलं.
कोरडं. खडखडीत.
इतका वेळ फिरवूनही कोरडं.
वर अर्धी टाकी आणि खाली तहान,
हेही आम्हाला नवीन नाही.

पाइप उपसला, खाली चहाचा रिकामा ग्लास.
दोन थेंब.
तिसरा लोंबकळत राहिला, पडेना.
दस्तगीर म्हणाला, कॉकमध्ये कचरा. मीही तेच म्हणाले.
कॉक काढायचा तर टाकी रिकामी करायची,
म्हणून झाकण उघडलं
आणि टाकीनं
फुस्स करून हवा आत ओढली,
बुडता बुडता वर आलेल्या पोरासारखी.
खाली ग्लासात धार लागली.

झाकणाला एक भोक असतं, टाचणीच्या टोकाएवढं.
वरून हवा शिरली तरच खाली पेट्रोल उतरतं.
ते बुजलेलं.
गठ्ठे शिवायची सुई ओढणीला टोचलेलीच होती.
कोरलं तर गुलाबी लव निघाली,
कालच्याच लॉटची.
तीन भाषांतून एकच ‘अरेच्चा’ आला.

रात्री मामाला सांगितलं.
चाळीस वर्षं मागाशेजारी उभा राहिलेला माणूस
आता खाटेवर उशांना टेकून असतो,
आडवा झाला की धाप.
डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवला,
तेव्हा म्हणाला होता, चादरीचं डिझाइन चांगलंय.

‘प्लग ओला होता का कोरडा?’
‘कोरडा.’
‘मग झाकण आधी का नाही उघडलंस, श्यामला,’
मध्ये खोकला. तो ओसरेपर्यंत दोघंही गप्प.
‘दहा मिनिटं वाचली असती.’

गेट मिळालं का, ते त्यानं विचारलं नाही.
सुई मात्र मागून घेतली, बल्बच्या उजेडाला धरली,
टोकाला चिकटलेली लव दोन बोटांत चोळून पाहिली.
‘सूत हलकं वापरायला लागलेत,’ म्हणाला.